फेब्रुवारी निम्मा झाला तरी थंडी हटेना! मुंबईकरांनो, घरात काय चाललंय, कुठे कुठे जाऊन आलात?

गॅलरीतली

नमस्कार मंडळी. रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं आटोपली, तिळगुळाचे डबे धुऊन पालथे घातले, तरी लालबागेत पहाटे पंखा बंद करायला कोणीतरी उठतंच. 'कोणीतरी' म्हणजे मीच. नवऱ्याला पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही आणि मुलीला पंख्याखाली सर्दी होते. बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली गोठलेली, ती गिझरच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. विरजण लावलं की सकाळी दही नाही, दूधच.

पण धागा काढायचं खरं कारण आमच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. जेवणाआधी गॅलरीत खुर्ची टाकून पाठ शेकत बसायचं, हा त्यांचा थंडीतला जुना नेम. समोर दक्षिणेला गिरणीची बैठी शेड होती तोवर ऊन पार आतल्या फडताळापर्यंत यायचं. आता तिथे बावीस मजली टॉवर. यंदा डिसेंबर-जानेवारीत आमच्या गॅलरीत भर दुपारीसुद्धा ऊन नव्हतं. त्या नुसत्या शाल घेऊन सावलीत बसायच्या आणि टॉवरकडे बघून जे काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि गेल्या आठवड्यात साडेबाराला ऊन आलं! आधी कठड्यावर, मग खुर्चीच्या पायाशी. थंडीही अजून आहे. तर दोन प्रश्न. एक, टॉवर काही बुटका झालेला नाही, मग ऊन आलं कुठून? दोन, थंडी आहे तोवर त्यांना चार ठिकाणी उन्हात फिरवून आणायचंय. गुडघे दुखतात, जिने नकोत, टॅक्सी चालेल. सुचवा. आणि आपापल्या घरचंही लिहा, नुसते पत्ते नकोत.

पहिली_लोकल

आमच्या बदलापूर फास्टला सध्या सगळ्या खिडक्या बंद. एरवी खिडकीसाठी हाणामाऱ्या होतात, आता तीच शीट कोणाला नको. चौथ्या शीटवाला सगळ्यात सुखी, दोन्ही बाजूंनी ऊब. काकांच्या माकडटोप्या बाहेर आल्यात, भजनी मंडळाचे टाळसुद्धा ठाण्यानंतर वाजायला लागतात. तोपर्यंत हात बगलेत.

निफाडचा_जावई

किती अंश आहे ते तरी सांगा. सतरा? अठरा? आमच्या सासुरवाडीला पारा पाचाच्या खाली उतरतो, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. आणि मुंबईत अठराला मफलर!

वाऱ्याची_दिशा

जावईबापू, हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून किनाऱ्याचा हिशोब वेगळा ठेवलाय. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यावं लागतं. किनारपट्टीवर १५ अंश किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलं की पुरतं. ओलसर हवेत वाढलेल्या माणसाला पंधरा म्हणजे पंधरा नव्हेच. आणि मुंबईलाही दिवस होते, सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलेत. तो विक्रम अजून तसाच आहे.

थंडी का लांबते, तर सगळा खेळ वाऱ्याचा. उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, की मागून कोरडा उत्तरेचा वारा गुजरातवरून थेट आपल्याकडे उतरतो. असे झंझावात एकामागून एक येत राहिले की फेब्रुवारीतही पहाटे हुडहुडी. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तो वेळेवर सुटला तर दिवस बरा जातो. जमिनीवरच्या वाऱ्याने त्याला दोन-तीन वाजेपर्यंत अडवून धरलं तर पारा सरळ चौतीस-पस्तीसला. म्हणून सकाळी स्वेटर आणि दुपारी पन्हं, असा कारभार चाललाय.

कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे बघताना लक्षात ठेवा, कुलाब्याला तीन बाजूंनी पाणी, रात्री तिथे पारा फारसा उतरत नाही. बोरिवली, आरे, मुलुंडकडे डोंगर आणि झाडी, तिथली पहाट वेगळीच.

मुलुंडची_माई

वेगळी म्हणजे काय, आमच्याकडे योगी हिल्सच्या बाजूला सकाळी तोंडातून वाफ निघते. नातू शाळेच्या बससाठी थांबला की सिगारेट ओढल्याची नक्कल करतो. एक धपाटा दिला.

दह्याचं सांगते गॅलरीताई. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त गरम असताना विरजा, बोट क्षणभर ठेवलं तर सोसेल पण रेंगाळू नये वाटेल इतपत. भांडं कॅसरोलमध्ये ठेवा, झाकण घट्ट, आणि ते तांदळाच्या पिंपात. विरजणही दीडपट. इडलीचं पीठ मात्र पिंपाने ऐकत नाही, ते मी ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते. नातसुनेने शिकवलं. खोबरेल तेल चोविसाच्या खाली गोठायला लागतं, त्यामुळे बाटलीकडे बघितलं की आज पीठ फुगणार की नाही ते कळतं, हवामान खात्याची गरज नाही (वाऱ्याची दिशा, रागावू नका हो).

गच्चीवरचा_खगोल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला फार आवडलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला, तेव्हा भर माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. बावीस मजली टॉवर ढोबळमानाने ७० मीटर धरा. डिसेंबरात माध्यान्हीला त्याची उत्तरेकडे पडणारी सावली साधारण ६४ मीटर. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य ५८ अंशांपर्यंत वर येतो आणि तीच सावली ४४ मीटरवर आखडते. म्हणजे तुमची गॅलरी टॉवरपासून पन्नासेक मीटरवर असणार. टॉवर तेवढाच आहे, सूर्य वर चढलाय.

आता पुढचं. मार्चच्या २१ ला सावली २४ मीटर आणि मेच्या मध्यावर शून्य. शून्य सावलीचा दिवस मुंबईत १५ मेच्या आसपास असतो. पण सूर्य जसजसा वर जाईल तसतसं गॅलरीत येणारं ऊन आखडत जाईल, वरच्या मजल्याचा सज्जा ते अडवेल. मार्च संपता संपता माध्यान्हीचं ऊन खुर्चीपर्यंत पोचणार नाही. एरवी फेब्रुवारीत थंडी गेलेली असते, त्यामुळे आलेल्या उन्हाचं कौतुक कोणाला नसतं. यंदा थंडी रेंगाळली म्हणून आजींना दोन्ही एकदम मिळालंय. वेळही सांगतो: या दिवसांत आपल्याकडे सूर्य माध्यान्हीला येतो तो बाराला नव्हे, पाऊण वाजून गेल्यावर, एकच्या जरा आधी. जेवण थोडं पुढे ढकला.

गॅलरीतली

खगोलदादा, प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'सावली चव्वेचाळीस मीटर' ऐकून म्हणाल्या, "म्हणजे टॉवरवाल्यांनी काही केलेलं नाही ना? मग उपकार नकोत त्यांचे." जेवण पाऊणला न्यायला मात्र तयार नाहीत. बारा म्हणजे बारा. जेवून बसेन म्हणाल्या.

दोन_फाटकं

लालबागहून सगळ्यात सोपं म्हणजे राणीची बाग. भायखळ्याला टॅक्सीने पोचायला वेळ लागत नाही, आतल्या वाटा सपाट, बाकं भरपूर. लोक पेंग्विन बघायला धावतात, तुम्ही झाडं बघा. जाड बुंध्याची गोरखचिंच, कैलासपती, आणि नशीब असेल तर उर्वशी फुललेली मिळेल. लाल-पिवळी फुलांची लोंबती झुंबरं. ब्रह्मदेशातलं झाड आहे, मुंबईत सहसा दिसत नाही. आजींना झाडांची आवड असेल तर तासभर तिथेच जाईल.

त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. घारापुरीला लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या, गुडघेवाल्यांचं ते काम नाही. हत्ती मात्र इथे खालीच भेटतो.

आणि निफाडचे जावई, पेंग्विनच्या काचेआड १६ ते १८ अंश राखतात. म्हणजे सध्या पहाटे सांताक्रूझला पेंग्विन उघड्यावर राहू शकेल. आम्ही मफलर घातला तर काय चुकलं?

निफाडचा_जावई

हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, त्यांना थंडी म्हणजे काय ते माहीत नाही. तुमच्यासारखेच. 😄

खारफुटी

फ्लेमिंगोचं कोणीच काढलं नाही! नोव्हेंबरपासून यायला लागतात, मे-जूनपर्यंत असतात, पण खरी गर्दी आत्ता. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरती बघूनच सुटते, आधी नाव नोंदवून जा. शिवडीच्या जेट्टीवरूनही दिसतात, पण तिथला रस्ता ट्रकांचा आणि धुळीचा, आजींना नेऊ नका. नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जमले असतील तर रस्त्याच्या कडेने, गाडीत बसूनही दिसतात.

वेळ साधणं महत्त्वाचं. ओहोटी पूर्ण असली की पक्षी पार लांब चिखलात, नुसते गुलाबी ठिपके. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली, पक्षी दुसरीकडे. भरतीच्या दोन-अडीच तास आधी किंवा नंतर गेलात तर जवळ येतात, मान उलटी करून चोच पाण्यात फिरवताना दिसतात. चोचीत बारीक गाळणी असते, पाणी बाहेर आणि शेवाळ पोटात. गुलाबी रंगही त्या शेवाळातूनच येतो.

थळची_सून

भरतीच्या वेळेसाठी मोबाइल कशाला? आमचे आजेसासरे सांगायचे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की काम होतं. म्हणजे अष्टमीला सकाळी आठ-साडेआठला जा, नाहीतर दुपारी साडेतीन-चारला. दोन्ही वेळा ऊनही बेताचं.

आणि थंडी आहे तोवर पोपटी करून घ्या मंडळी, वालाच्या शेंगा संपत आल्यात! मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, पुन्हा शेंगा, ओवा, जाडं मीठ. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाल्याच्याच वाफेवर शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र झालं की काढायचं. भांबुर्डीशिवाय केलेल्याला पोपटी म्हणू नये, हे माझं ठाम मत. हॉटेलात 'पोपटी थाळी' म्हणून प्लेटमध्ये उकडलेल्या शेंगा देतात त्यांना समुद्रात नेऊन सोडा.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला तासाभरात उतरता, गाडीसकट. अलिबागेत जाल तेव्हा चुंबकीय वेधशाळेवरूनही एक चक्कर मारा. ती मूळची कुलाब्याची. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर चुंबकत्व मोजणाऱ्या सुया थरथरतील या भीतीने १९०४ मध्ये आमच्याकडे आणली. मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला आलेल्यांत पहिला नंबर तिचा.

बारावीची_आई

आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पाचचा गजर आणि रजईतून बाहेर न येणारं बारा सायन्स. "थंडीत मेंदू चालत नाही" हे नवीन. मेच्या उकाड्यात सीईटीच्या वेळी "उकाड्यात मेंदू चालत नाही" हेही ऐकायचंय. मी आणि सासरे समोरासमोर बसून मटार सोलतो. स्वस्त आहे म्हणून यंदा जास्त आणला, उकळत्या पाण्यातून काढून गार करून फ्रीजरमध्ये. सासरे सोलता सोलता निम्मा खातात, आणि वर "यंदा दाणा कमी भरलाय" म्हणतात.

बाहेर जाणं परीक्षेपर्यंत बंद. फक्त विक्रोळीला हायवेवरून येता-जाता गुलाबी टॅबेबुया फुललेला दिसतो, तीच आमची सहल.

देवगडला_घर

सगळ्यांना थंडी गोड लागतेय म्हणून एक कडू गोष्ट. मोहोर यायला थंडी हवीच, पण ती लांबली की घात करते. झाडावर वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी धरलेली असते आणि त्याच फांदीला पुन्हा मोहोर फुटतो. झाड सगळा जोर नव्या मोहोराला देतं, धरलेली कैरी गळून खाली. पुनर्मोहोर म्हणतात. वर तुडतुड्याची कीड आणि भुरीचा रोग, म्हणजे फवारणीचा खर्च आलाच. भाऊ रोज सकाळी झाडाखालच्या कैऱ्यांचा फोटो पाठवतो, खाली काही लिहीत नाही. तुम्हाला वाशीच्या पेटीचा भाव दिसेल तेव्हा ही थंडी आठवा.

मुलुंडची_माई

अरेरे. भावाला सांगा, त्या गळलेल्या कैऱ्या कोणी मुंबईला येत असेल तर पाठव. बाळकैरीचं लोणचं मी घालते. पैसे देऊन घेईन, फुकट नको.

श्वास_घ्या

वर ऐरोलीला 'सकाळी आठला जा' सांगितलंय म्हणून लिहितो. आजींना पहाटे बाहेर काढू नका. थंडीत रात्री जमीन गार होते, गार हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण. वारा पडलेला. बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली. ऊन तापलं की ते सुटतं. दहाच्या पुढे हवा बरी होते. सात वाजता दिसणारं ते 'सुंदर धुकं' बहुतेक वेळा धुकं नसतं.

आमच्या सोसायटीत तर बदामाची लाल पानं गळतात ती रोज सकाळी झाडून गेटजवळ पेटवतात. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे हे सेक्रेटरींना दोनदा लेखी दिलं. उत्तर आलं, "पानं म्हणजे कचरा नाही, निसर्ग आहे."

पहिली_लोकल

निसर्ग!! 🙏 पण दहानंतर चाला म्हणणं सोपं आहे. नोकरदाराने काय करायचं? मी रविवारी साडेसहाला शिवाजी पार्कात असतो, तिथे दोनशे आजी-आजोबा ठणठणीत फिरत असतात.

श्वास_घ्या

ठणठणीत असलेलेच फिरायला येतात हो. दम लागलेले घरी असतात, ते तुम्हाला दिसत नाहीत.

पश्चिम_कट्टा

शिवाजी पार्क आजींसाठी उत्तमच, पण दहाला जा आणि पश्चिमेच्या कट्ट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. मैदान मोकळं, जिथे झाडाची फांदी आडवी येत नाही तिथे ऊन थेट मिळतं. समोर एकाच वेळी दहा क्रिकेट मॅच, कोणाचा चेंडू कोणाचा फील्डर अडवतो ते बघण्यात वेळ मजेत जातो. मरीन ड्राइव्हला मात्र सकाळी उन्हासाठी जाऊ नका, इमारती पूर्वेला असल्याने कठडा बराच वेळ सावलीत असतो. तिथे दुपारी चारनंतर. चौपाटीच्या पाण्यावर कुरव पक्षी आहेत अजून. त्यांना गाठी-शेव टाकू नका, कितीही जण टाकत असले तरी.

दोन_फाटकं

चालणाऱ्यांसाठी अजून दोन. कान्हेरी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात: शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आधीपासून खोदत आलेली, आणि प्रत्येक दोन-चार लेण्यांमागे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. फाटकापासून लेणी लांब आहेत, बस किंवा सायकल बघा. उद्यान सोमवारी बंद. वाटेत काटेसावर, पांगारा फुललेले दिसतील, पळसही सुरू होईल. दुसरं, अंबरनाथचं शिवमंदिर, १०६० चं, शिलाहारांचं. महाशिवरात्रीला तिथे तुडुंब यात्रा असते, शिल्पं बघायची तर तो दिवस सोडून जा. भिंतीला हात लागण्याइतक्या जवळून बघता येतात.

गॅलरीतली

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: राणीची बाग बुधवारी, शिवाजी पार्क रविवारी दहाला, आणि शुद्ध अष्टमीला ऐरोली. पाऊणचा हिशोब सासूबाईंना सांगायच्या आधीच त्यांना पाठ होता, माहेर मुरूडचं. "मला कोणी विचारलंच नाही" म्हणाल्या. पोपटी मात्र आमच्या गच्चीवर होणार नाही, चेअरमन आधीच तापलेले आहेत.

दोन_फाटकं

बुधवारी राणीची बाग बंद असते. मंगळवारी जा किंवा गुरुवारी. उर्वशी फुललीय का ते बघून इथे नक्की लिहा, मीही जाईन म्हणतो.

थळची_सून

मुरूडच्या का? मग भांबुर्डीबद्दल त्यांना विचारा आणि माझी बाजू घ्यायला सांगा.